तीन बोटांची भाकरी

"ही बी चार बोटांचीच," आप्पा माझ्या कानापाशी पुटपुटले आणि भाकरी त्यांनी ताटात परत टाकली.

टाकायच्या आधी ती त्यांनी ट्यूबलाइटकडे धरून, डॉक्टर एक्स-रे बघतात तशी, नीट बघून घेतली होती. शेजारच्या टेबलावरचा माणूस घास हातातच धरून आमच्याकडे बघत राहिला. वाढणारा लगबगीने आला.

"काय झालं काका? कच्ची राहिली का?"

"भाकरी झकास हाय," आप्पा म्हणाले. "बाई आमची न्हाई."

वाढणाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी शेंगाच्या चटणीकडे बघितलं. माझा धाकटा भाऊ श्रीशैल मान खाली घालून जेवत होता. आम्ही तिघंच होतो आणि टेबलावर ताटं चार होती. चौथ्या ताटात आमटी, मेथी, कांदा, भाकरी सगळं वाढलेलं, आणि त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी.

"ह्याला म्हणावं, दही सरकव," आप्पा मला म्हणाले.

'हा' म्हणजे श्रीशैल, हातभर अंतरावर बसलेला. गेले चौदा महिने आप्पा आपल्या मुलाशी असं दुसऱ्याच्या मार्फत बोलत होते. घरात तिसरं माणूस नसलं की म्हणे भिंतीला सांगायचे, आणि श्रीशैल भिंतीचा निरोप ऐकायचा.

धनत्रयोदशीची दुपार होती. सकाळच्या एस्टीने मी सांगलीहून सोलापूरला माहेरी आले होते, भाऊबीज करून परत जाणार होते. पिशवी खाली ठेवून चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच श्रीशैलने रिक्षा बोलावली. "चल अक्का, तुळजापूर रोडला एक चांगली खानावळ सापडलीय." दिवाळीला आलेल्या बहिणीला भाऊ हौसेने बाहेर जेवायला नेतो, ह्यात वाईट वाटायचं काही नव्हतं. आमचा श्रीशैल तोवर त्यात चांगला माहीतगारही झाला होता. यंत्रमागाची दुरुस्ती करणारा माणूस, पण शहरात पाहुणे आले की लोक त्याला फोन करायचे. पिठलं कुठलं चांगलं, आमटीला कुठे तवंग येतो, कडक भाकरी कुठली घेऊन जावी, सगळं विचारायचे. तोही मन लावून सांगायचा. एवढ्या खानावळी त्याने का पालथ्या घातल्या, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

ते चौथं ताट शेवटी त्याने आपल्याकडे ओढलं आणि गुपचूप संपवलं. रोजचंच होतं ते. वर्षभरात तो चांगला सुटला होता. बघणाऱ्याला वाटायचं, बायको घरात नाही तरी गडी मजेत आहे.

घरी आल्यावर आप्पा कोनाड्याजवळच्या खाटेवर बसले. खांद्याची शबनम काढली, तिच्यातून पितळेचा चपटा डबा काढला आणि पंच्याच्या टोकाने पुसून कोनाड्यात ठेवला. त्या डब्यात एक भाकरी होती. कडक भाकरी, पापडासारखी पातळ. आमच्याकडे ती तव्यावरून काढून चुलीच्या धगीला उभी करून वाळवतात आणि मग महिनोन्महिने टिकते. ह्या भाकरीला चौदा महिने झाले होते.

श्रीशैलच्या बायकोने, महानंदाने केलेली ती शेवटची.

भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला ओल्या बोटांनी पाणी फिरवतात. त्या बोटांच्या ओळी पिठात उमटतात आणि भाजल्यावरही राहतात. कुठल्याही बाईच्या भाकरीवर चार ओळी दिसतील. महानंदाच्या भाकरीवर तीनच. लग्न होऊन आली त्या वर्षीच पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात तिची उजवी करंगळी सापडली, हाड वेडंवाकडं जुळलं आणि बोट कायमचं उभं राहिलं. चहा पिताना, आरती करताना, शिव्या देताना करंगळी आपली ताठ. भाकरी थापायचा तिचा ठेकाही त्यामुळे वेगळा होता. थप, थप, थप आणि एक रिकामं. थप, थप, थप आणि एक रिकामं. त्या रिकाम्या जागेत ती भाकरी तळहाताने फिरवून घ्यायची, कारण बोटाने फिरवता यायची नाही.

आप्पा म्हणायचे, "ह्या घरात मी घड्याळ बघत न्हाई. तिनाची थाप ऐकू आली की जेवायची वेळ."

हे कौतुक ते शेजाऱ्यांपाशी करायचे. तिच्यासमोर कधी केल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी पणत्या भिजत घालत होते तेव्हा श्रीशैल मागे येऊन उभा राहिला.

"सांगशील ना अक्का?"

"सांगते. मला जरा बसू तर दे."

"तू फोनवर शब्द दिलायस."

"दिलाय ना? मग पळून चालले का मी?"

"मला जमत नाही गं." तो ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ते चौथं ताट... माझ्या गळ्याखाली उतरत नाही आता."

आदल्या वर्षी श्रावणात आप्पांना झटका आला, डावी बाजू गेली. ते एका दवाखान्यात होते आणि दहाव्या दिवशी महानंदाला तापाने दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं. डेंगीचा ताप, तीन दिवसांचा खेळ. मी सांगलीहून आले ती स्टँडवरून परस्पर स्मशानातच गेले. आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून पुरतात; विभूती लावून, हार घालून तिला बसवलं होतं आणि करंगळी तशीच उभी होती. मूठभर माती मीही टाकली. आप्पांचा दवाखाना तिथून दोन चौक पुढे. त्या रस्त्याने न जाता मी एस्टीत बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हाताऱ्यांना एवढ्यात धक्का देऊ नका.

महिन्याने आप्पा घरी आले, डावा हात हलकं काही धरण्यापुरताच उरलेला. उंबरठ्यातच विचारलं, "महानंदा कुठाय?"

आणि आमच्या श्रीशैलने, ज्याला शाळेत गैरहजेरीची चिठ्ठीसुद्धा धड लिहिता यायची नाही, सांगून टाकलं, "मी बोललो तिला. तोडून बोललो. ती रुसून निघून गेली."

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्याने हात जोडून गप्प बसवलं आणि नंतर मला फोन केला. मी म्हटलं, "बरं केलंस. थोडे दिवस असंच राहू दे." म्हणजे त्या खोट्याला माझाही हात लागलेला.

पण ते थोडे दिवस सरेनात. आप्पांनी विचार करून ठेवला होता. माहेरी तिचं कुणी उरलेलं नव्हतं. पूर्वी एकदा तिने बायकांच्या बचतगटात भाकऱ्या करायला जाऊ का म्हणून विचारलं होतं आणि आप्पा कडाडले होते, "आपल्या घरच्या बाया खानावळीत भाकऱ्या थापत न्हाईत." त्यावर ती एवढंच म्हणाली होती, "उद्या बाहेर पडायची वेळ आली तर भाकऱ्या थापूनच खाईन मी." ते वाक्य आप्पांनी धरून ठेवलं. म्हणजे ती कुठल्या तरी खानावळीत आहे. म्हणजे शोधली की सापडेल. आणि सापडली की उपाशी कशी न्यायची? थापणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, म्हणून तिचं ताट आधीच वाढून ठेवायचं.

झटक्यानंतर त्यांचं डोकं कधीकधी भरकटायचं, हे खरं. पण ह्या हिशोबात खोट काढायला मला तरी कधी जमलं नाही.

नरकचतुर्दशीला अक्कलकोट रोडला गेलो. भाकरी ट्यूबलाइटकडे, शेजारी डब्यातली महानंदाची भाकरी धरून ओळी मोजल्या. चार. जेवण झाल्यावर सांगू म्हणून मी ताक मागवलं, ताक झाल्यावर बडीशेप मागवली आणि बडीशेप संपली तेव्हा रिक्षा दारात होती.

रिक्षात मी धीर केला.

"आप्पा, मला महानंदाबद्दल सांगायचंय."

त्यांनी इतक्या झटक्याने मान वळवली की टोपी घसरली. "फोन आला तिचा? तुला?"

चौदा महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा उजळलेला कुणी बघितला नसेल. श्रीशैल पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून बसला होता. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

"नाही. फोन नाही," मी म्हटलं. "स्वभावाने चांगली... म्हणजे, तिच्यावर रागवू नका, एवढंच."

"मी कशाला रागवू? रागवायचं त्येच्यावर, ज्यानं घालवली." आणि काठी पुढच्या सीटच्या पाठीला टेकवली. मारली नाही, नुसती टेकवली. श्रीशैल हलला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिवेलागणीला मी उंबऱ्यात रांगोळी घालून पणत्या लावत होते. आप्पा खाटेवर डबा मांडीवर घेऊन बसले होते. एकदम म्हणाले, "श्श. ऐक."

मी थांबले. कुठल्या तरी घरात कुणी तरी भाकरी थापत होतं.

"चाराची हाय," आप्पा म्हणाले आणि पुन्हा डबा पुसायला लागले. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "परवा पहाटे तिनाची ऐकली मी. ह्याच भिंतीतनं. उठून बसलो तर थांबली."

पणतीची वात पुढे सारता सारता माझं बोट पोळलं. त्या भिंतीपलीकडे घर नव्हतं, रिकामा प्लॉट होता. आम्ही एक खोटं सांगितलं होतं आणि आता ते भिंतीतून आवाज करायला लागलं होतं.

भाऊबीजेला सकाळीच श्रीशैलला ओवाळलं. ताटात त्याने साडी ठेवली आणि हळूच म्हणाला, "चारची एस्टी आहे तुझी." म्हणजे एकच जेवण उरलं होतं.

सणामुळे शहरातल्या बऱ्याच खानावळी बंद होत्या. शेवटी नेहमीचा रिक्षावाला मौलाली म्हणाला, "होटगीकडं बायकांची एक खानावळ हाय काका. सणालाबी चालू असती. लांब हाय पर तुमी म्हनत असाल तर..."

"चल," आप्पा म्हणाले.

गाव मागे पडलं. दोन्हीकडे ज्वारीची हिरवी रानं, मध्ये पांढरा फटक रस्ता. पत्र्याचं एक लांब शेड, पुढे दोन लिंबं आणि खाली चार टेबलं. भर दुपारी बारा वाजता तिथे एकही गिऱ्हाईक नव्हतं. चिमणीतून धूर निघत होता, पण आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. बायका आहेत आणि बोलत नाहीत, ह्याचंच मला आधी विचित्र वाटलं.

कपाळभर विभूती लावलेली एक पोक्त बाई बाहेर आली. निलव्वा तिचं नाव, नंतर कळलं. तिने पाणी ठेवलं.

"तीन ताटं?"

"चार," आप्पा म्हणाले.

"कोण यायचंय अजून?"

तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं आणि आत गेली. चार ताटं आली. डाळ, वांगं, चटणी. भाकरी गरम येतेय म्हणाली.

मी पदराला हात पुसले. आता सांगायचं. भाकरी यायच्या आत. मी तोंड उघडलं आणि आतून आवाज आला.

थप, थप, थप.

मग काही नाही.

थप, थप, थप.

मग काही नाही.

श्रीशैलच्या हातातला पेला कलंडला आणि पाणी चौथ्या ताटाखालून वाहत गेलं. तो पुसायला गेला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. ज्याने स्वतः तिला खड्ड्यात उतरवलं होतं, त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली आणि भीतीच्या मागे एक आशा दिसली. ती आशा बघून मी जास्त घाबरले.

निलव्वाने भाकऱ्या आणल्या. आप्पांनी वरची उचलली. इथे ट्यूबलाइट नव्हती, लिंबाच्या फांद्यांतून ऊन येत होतं. त्यांनी ती उन्हात धरली. डब्यातली काढून शेजारी धरली.

तीन. आणि तीन.

आप्पा काठी घेऊन उठले आणि पाय ओढत आत चालू लागले. आम्ही दोघं मागे. आतला आवाज आता वाढला होता. एकाच्या जागी दोन, दोनाच्या जागी चार, सगळे तिनाचे, आणि सगळ्यांमधली रिकामी जागा एकाच वेळी येत होती. त्या वेळी शेडमध्ये अशी शांतता व्हायची की आप्पांच्या काठीचा आवाज ऐकू यायचा.

दारात आम्ही थांबलो.

सहा बायका ओळीने बसल्या होत्या. सहा काठवटी, सहा चुली. सहाही जणींनी उजवी करंगळी ताठ उभी धरली होती. म्हातारी, तरणी, एक तर जेमतेम विशीची. पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या सहा करंगळ्या एकदम वर जात होत्या, एकदम खाली येत होत्या. ओळीच्या टोकाला, भिंतीशी, सातवी काठवट पालथी घातलेली होती.

मीच विचारलं. "करंगळी का उचलताय गं?"

विशीतली हसली. "तशीच थापत्यात की."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? शिकवनारी तशीच थापायची. आमी बघून बघून शिकलो. पहिल्यांदा बोट लई दुखायचं."

गिरणीच्या पट्ट्याने मोडलेलं ते बोट. ती भाकरीची रीत आहे असं समजून सहा धडधाकट बायका सरावाने लंगड्या झाल्या होत्या, आणि त्या बयेने त्यांना एका शब्दाने खरं सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात किती हसली असेल!

"कोन शिकवलं तुमाला?" आप्पांनी विचारलं.

"महानंदाक्कानं," निलव्वा मागून म्हणाली. मग तिची नजर आप्पांच्या हातातल्या भाकरीवर गेली. "तुमी... तिच्या घरचे का? अगं बाई! तीन वर्षं दर सोमवारी यायची ती. घरी मठात जाते म्हनून सांगायची. पत्ता कधी दिला न्हाई, घरी चालायचं न्हाई म्हनाली." तिने आमच्या खांद्यांवरून दाराबाहेर बघितलं, रिक्षापर्यंत. "ती न्हाई आली? ते चौथं ताट तिचंच न्हवं? तिची काठवट कुनाला हात लावू दिली न्हाई बगा मी. बरी हाय न्हवं अक्का?"

थापा थांबल्या. सहाही जणी आमच्याकडे बघायला लागल्या.

हीच ती वेळ होती. ह्याचसाठी मी सांगलीहून आले होते. एवढ्या वर्षांत बडबडी म्हणून माझी ख्याती, आणि त्या क्षणी मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. श्रीशैल दाराची चौकट धरून उभा होता.

आप्पाच बोलले. "शेवटची कवा आली ती?"

"गेल्या वर्षी. नागपंचमीच्या फुडचा सोमवार."

आप्पांची उजव्या हाताची बोटं काठीच्या मुठीवर हलली. ते मोजत होते.

"मी दवाखान्यात होतो."

"व्हय, तेच! सासऱ्याचा डबा पोचवायचाय म्हनून घाईत होती. दुधात कुस्करायला मऊ भाकरी इथंच थापली तिनं, ह्या चुलीवर. त्या दिवशी अंगात कसर होती तिच्या, डोळे लाल होते. झोप म्हनलं जरा, तर ऐकली न्हाई."

"रागात होती?"

"राग? छे! हसत होती की. म्हनाली, म्हातारा सुधारला निलव्वा, काल माझ्यावर खेकसला." बोलल्यावर निलव्वाने जीभ चावली. "जाताना म्हनाली, फुडच्या सोमवारी पीठ मळून ठेवा, मी येते. आमी ठेवलं मळून. सांजपतोर वाट बघितली. त्याच्या फुडच्या सोमवारीबी. मग वाटलं, घरच्यांनी बंद केलं असंल."

"शब्द देऊन न येनारी बाई न्हाई ती," आप्पा म्हणाले. आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नाही.

मग ते सावकाश चालत सातव्या काठवटीपाशी गेले. काठी भिंतीला टेकवली. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. कुठल्या तरी चुलीवरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी उठलं नाही. चौदा महिने एका बाजूला मुलाचं बोलणं आणि दुसऱ्या बाजूला सुनेचा शब्द, ह्यांतलं खोटं कुठलं हे ते जुळवत असावेत, असं मला आज नऊ वर्षांनी वाटतं. तेव्हा मला फक्त त्यांच्या सदऱ्याची घामाने भिजलेली पाठ दिसत होती.

काड्कन आवाज झाला. डब्यातली ती भाकरी त्यांनी काठवटीच्या काठावर मोडली होती.

ते वळले. डावा हात लटकत होता, अर्धी भाकरी त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली होती आणि अर्धी उजव्या हातात होती. माझ्याकडे बघितलं नाही, मला निरोप सांगितला नाही. काठीशिवाय, एक एक पाय ओढत, ते थेट चौकटीपाशी गेले आणि तो अर्धा तुकडा त्यांनी आपल्या मुलापुढे धरला.

"श्रीशैल," ते म्हणाले, "ती रुसून गेली न्हवती रं. मेली ती."